पासपोर्ट हातात, तरी मैदानाबाहेर : देश बदलणाऱ्या फुटबॉलपटूचे कागद कसे चालतात

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात भारत बांगलादेशकडून ०-१ असा हरला. बांगलादेशच्या संघात हमझा चौधरी होता. जन्म इंग्लंडचा, क्लब लेस्टर सिटी, आईचं माहेर बांगलादेश. आपल्याकडून खेळण्यासाठी रायन विल्यम्स ढाक्यापर्यंत गेला होता. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, २०२३ पासून बंगळुरू एफसीचा खेळाडू, आईकडचं घराणं मुंबईचं. त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घेतला होता. तरी तो सामना खेळला नाही.

असं का झालं, हा प्रश्न नाशिकच्या फुटबॉलवेड्या पोरांनाही पडतो, आणि तो रास्त आहे. भारताचा पासपोर्ट छापला जातो आपल्याच नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. ती पुस्तिका मिळाली म्हणजे माणूस भारतीय झाला, यात शंका नाही. पण भारताच्या संघातून खेळायला तेवढं पुरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघटनेचं ना-हरकत पत्र आणि त्यावर फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेची, मंजुरी लागते, आणि ती सामन्याच्या वेळेपर्यंत आलेली नव्हती.

हे नीट समजून घ्यायचं तर परदेशात जाऊन खेळणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य कोणकोणत्या कागदांवर चालतं ते पाहावं लागेल.

एकाच माणसाचे तीन वेगळे दाखले

सेतू केंद्रात उत्पन्नाचा दाखला वेगळा मिळतो, अधिवासाचा वेगळा, जातीचा वेगळा. एक दाखवून दुसऱ्याचं काम होत नाही. फुटबॉलपटूचंही तसंच आहे.

पहिला कागद त्या देशात राहून पगारी काम करण्याचा. तो सरकार देतं. दुसरा कागद क्लबकडून खेळण्याचा. तो दोन देशांच्या फुटबॉल संघटना आपसात ठरवतात. तिसरा कागद देशाच्या संघातून खेळण्याच्या पात्रतेचा. तिथे त्या देशाचा नागरिकत्व कायदा आणि फिफाचे नियम, असे दोघांचे होकार लागतात. बातम्यांमधला बहुतेक गोंधळ या तिघांची सरमिसळ केल्याने होतो. "इतकी वर्षं आयएसएल (इंडियन सुपर लीग, आपली मोठी क्लब स्पर्धा) खेळतोय, मग भारताकडून का नाही?" या प्रश्नात दुसरा आणि तिसरा कागद एकत्र झालेला असतो.

क्लब बदलणं म्हणजे शाळेचा दाखला काढणं

एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना आधीच्या शाळेचा दाखला लागतो. जुनी शाळा म्हणते, हा मुलगा आमच्या पटावरून कमी केला. मग नवी शाळा त्याचं नाव पटावर घेते. फुटबॉलमध्ये एका देशातून दुसऱ्या देशात जाताना जो दाखला लागतो, त्याला आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र म्हणतात. सगळे त्याला आयटीसी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

समजा, स्पेनमधला खेळाडू गोव्याच्या क्लबात येतोय. दोन्ही क्लब फिफाच्या संगणक यंत्रणेत करार, पासपोर्टची प्रत आणि पैशाचा तपशील भरतात. २०१० पासून व्यावसायिक खेळाडूंसाठी ही यंत्रणा सक्तीची आहे. दोन्ही क्लबांनी भरलेली माहिती शब्दाला शब्द, आकड्याला आकडा जुळली, की भारतीय फुटबॉल महासंघ स्पेनच्या संघटनेकडे आयटीसी मागतो. त्यांनी ७२ तासांत दाखला द्यायचा. दाखला आला की इथली नोंदणी, आणि मग सामना.

घोळ होतो तो अगदी साध्या गोष्टींत. पासपोर्टवर मधलं नाव आहे, करारावर नाही. कराराच्या एका पानावर सही राहिली. एका क्लबने रक्कम युरोत टाकली, दुसऱ्याने डॉलरमध्ये. एरवी हे चार दिवसांत सुटलं असतं, पण नोंदणीच्या खिडक्या वर्षातून दोनदाच उघडतात. खिडकी बंद झाली की पुढचे काही महिने तो माणूस सराव करतो, जिममध्ये जातो आणि सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांत बसतो. खिडकी बंद होण्याआधीच ज्याचा करार संपला होता, अशा मोकळ्या खेळाडूला तेवढी सवलत असते. एका हंगामात तीनच क्लबांकडे नोंदणी करता येते, आणि त्यातल्या दोनच क्लबांकडून अधिकृत सामने खेळता येतात.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला यातली तगमग लगेच कळेल. घड तयार आहे, गोडी भरली आहे, कंटेनर उभा आहे, आणि औषधांच्या अंशाचा अहवाल प्रयोगशाळेतून यायचाय. मणी थांबत नाही. फुटबॉलपटूचे पायही थांबत नाहीत. पस्तिशीला बहुतेकांचा खेळ आटोपतो, म्हणून कागदात गेलेला एक हंगाम त्याला फार महागात पडतो.

अठराच्या आत परदेशी क्लब नाही

फिफाचा हा सगळ्यात कडक नियम, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचा. १८ वर्षं पूर्ण होण्याआधी खेळाडूची परदेशी क्लबात नोंदणी होत नाही. कारण उघड आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून बारा-तेरा वर्षांची पोरं युरोपात नेली जात, आणि निवड झाली नाही की तिथेच सोडून दिली जात.

अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने, म्हणजे नोकरी-धंद्यासाठी, त्या देशात गेले असतील तर. युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्यात जाताना १६ वर्षांपासून. मुलगा आणि क्लब दोघेही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तर. निर्वासित मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. आणि जो मुलगा पाच वर्षं सलग त्या देशात राहतोय, त्याच्यासाठीही.

नियम कागदावरच आहे, असं समजू नका. २०१४ मध्ये याच नियमाच्या भंगासाठी बार्सिलोनावर खेळाडू नोंदवण्याची बंदी आली. पुढे रिअल माद्रिद आणि अॅटलेटिको माद्रिदलाही ती भोगावी लागली.

नियम पाळला की काय होतं, ते अल्फोन्सो डेव्हिसच्या कारकिर्दीत तारखेनिशी दिसतं. त्याचे आईवडील लायबेरियातल्या यादवीतून पळाले. २ नोव्हेंबर २००० ला घानातल्या बुदुबुराम निर्वासित छावणीत त्याचा जन्म झाला. पाच वर्षांचा असताना कुटुंब कॅनडात आलं आणि एडमंटनला स्थिरावलं. तिथे शाळेनंतर मोफत फुटबॉल शिकवणाऱ्या एका उपक्रमात त्याचा खेळ लोकांच्या नजरेत भरला. चौदाव्या वर्षी तो व्हँकुव्हरच्या क्लबात गेला. जून २०१७ मध्ये त्याला कॅनडाचं नागरिकत्व मिळालं आणि आठवडाभरात तो कॅनडाकडून खेळला. जुलै २०१८ मध्ये बायर्न म्युनिकशी त्याचा व्यवहार ठरला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. जगातला एवढा मोठा क्लब, पैसे ठरलेले, सगळे राजी. तरी तो जर्मनीत नोंदला गेला जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे अठरावा वाढदिवस उलटल्यानंतरच्या खिडकीत. २०२० मध्ये त्याने बायर्नबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकली. २०२२ च्या विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्याने कॅनडाच्या पुरुष संघाचा विश्वचषकातला पहिला गोल केला.

सरकारी परवाना: खेळ चांगला असूनही अडणारी जागा

आयटीसी मिळाली तरी विमानतळावर फुटबॉल संघटनेचं काही चालत नाही. भारतात खेळायला येणाऱ्या परदेशी खेळाडूला नोकरीचा व्हिसा लागतो. १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. आर्थिक वर्षात मुक्काम १८२ दिवसांवर गेला की प्राप्तिकराचा हिशेबही बदलतो. शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्याने पैसे घेऊन खेळणं बेकायदा आहे. केरळच्या सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांच्या स्पर्धांमध्ये आणि कोलकात्याच्या 'खेप' सामन्यांमध्ये, म्हणजे सामन्यामागे पैसे घेऊन खेळल्या जाणाऱ्या स्थानिक सामन्यांमध्ये, आफ्रिकी खेळाडू वर्षानुवर्षं दिसतात. त्यांच्यातल्या ज्याचे कागद कच्चे असतात, त्याला आयोजकाने पैसे बुडवले तरी तक्रार करायची सोय नसते.

आपला माणूस बाहेर जातो तेव्हा तोच अडथळा उलट्या बाजूने येतो. २००९ मध्ये सुनील छेत्रीचं लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी ठरलं होतं. ब्रिटनने कामाचा परवाना नाकारला, कारण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० देशांत नव्हता. म्हणजे छेत्री किती चांगला, यापेक्षा त्याचा देश कितवा, यावर निकाल लागला. आजही इंग्लंडच्या गुणपद्धतीत राष्ट्रीय संघाच्या सामन्यांचे गुण क्रमवारीतल्या पहिल्या ५० देशांच्या खेळाडूंनाच मिळतात. गुरप्रीतसिंग संधूने २०१४ मध्ये नॉर्वेचा स्टाबेक क्लब गाठला आणि २०१६ मध्ये तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला. नियम जिथे सैल, तिथून त्याने शिरकाव केला. आपल्या खेळाडूंनी पहिल्या उडीत इंग्लंडचा हट्ट सोडावा, असं मी म्हणतो, ते यामुळेच.

पगार थकला तर?

परदेशी खेळाडूचं सगळ्यात कच्चं अंग हेच. घर क्लबने दिलेलं, गाडी क्लबची, व्हिसा क्लबच्या नोकरीवर. पगार थांबला की सगळंच डळमळतं.

फिफाचा नियम असा: करार कमीत कमी चालू हंगाम संपेपर्यंतचा, जास्तीत जास्त पाच वर्षांचा, १८ च्या खालच्या खेळाडूशी जास्तीत जास्त तीन वर्षांचा. दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यायची आणि पैसे द्यायला किमान १५ दिवस द्यायचे. तरी पैसे आले नाहीत तर तो करार मोडू शकतो आणि उरलेल्या काळाची भरपाई मागू शकतो. दावा दोन वर्षांच्या आत फिफाच्या न्यायाधिकरणात दाखल करावा लागतो. निकालानंतरही क्लबने पैसे दिले नाहीत तर त्याला सलग तीन खिडक्यांपर्यंत नवे खेळाडू नोंदवता येत नाहीत. भारतातल्या काही क्लबांवर अशी बंदी येऊन गेली आहे. 'अमुक क्लबवर फिफाची बंदी' या बातमीमागे अनेकदा एखाद्या परदेशी खेळाडूचा थकलेला पगार असतो.

इथे खेळाडूच्या हातून होणारी चूक एकच. तो नोटीस न देता वैतागून मायदेशी निघून जातो. मग करार त्याने मोडला असं ठरतं, आणि भरपाई त्याच्याच गळ्यात येते. पैसे थकले तरी सरावाला जायचं, हजेरी राहू द्यायची, नोटीस ईमेलने पाठवायची आणि पोच जपून ठेवायची.

देशाचा संघ: नुसतं नागरिकत्व का पुरत नाही

फिफाला आधी नागरिकत्व लागतं. नागरिकत्व नवं घेतलेलं असेल तर त्याशिवाय त्या देशाशी एखादा धागाही लागतो. खेळाडू स्वतः तिथे जन्मला असेल, आई किंवा वडील जन्मले असतील, किंवा आजी-आजोबांपैकी कुणी. यातलं काहीच नसेल तर तिथे काही वर्षं राहिलेलं असावं लागतं. दहा वर्षांचा होण्याआधी आलेल्यासाठी तीन वर्षं, त्यानंतर आलेल्यासाठी पाच वर्षं. नाहीतर श्रीमंत देशांनी विश्वचषकाच्या तोंडावर पासपोर्ट वाटून संघच विकत घेतला असता.

पण हा नियम निर्वासितांना काचतो. नादिया नदीमचे वडील अफगाण सैन्यात अधिकारी होते. २००० मध्ये तालिबानने त्यांना मारलं. आई मुलींना घेऊन डेन्मार्कला पोचली आणि निर्वासित छावणीजवळच्या मैदानावर नादिया फुटबॉल शिकली. डेन्मार्कचं नागरिकत्व मिळालं, पण तेव्हाच्या नियमात १८ वर्षांनंतरची पाच वर्षंच धरली जात. डेन्मार्कच्या संघटनेने दाद मागितली, फिफाने अपवाद केला आणि २००९ मध्ये ती डेन्मार्ककडून खेळली. पुढे ती मँचेस्टर आणि पॅरिसच्या क्लबांकडून खेळली, आणि खेळता खेळता डॉक्टरही झाली. आता लहानपणी आलेल्यांची वर्षं मोजली जातात. हा बदल उशिरा झाला, पण योग्य झाला.

ज्याने आधीच एका देशाची जर्सी घातली आहे, त्याचं काय? मैत्रीपूर्ण सामन्याने माणूस बांधला जात नाही. अधिकृत स्पर्धेतल्या सामन्याने बांधला जातो, पण अटी पाळून आयुष्यात एकदा देश बदलता येतो. २०२० पासून वरिष्ठ संघाचे जास्तीत जास्त तीन अधिकृत सामने, तेही वयाच्या २१ च्या आत खेळलेले, आणि मध्ये तीन वर्षं गेलेली, एवढी सूट आहे. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत खेळलेल्याला ती नाही. हमझा इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडून खेळला होता, तरी डिसेंबर २०२४ मध्ये त्याला बदलाची परवानगी मिळाली. विल्यम्सही २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ संघाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता. त्या सामन्याने तो बांधला गेला नव्हता, पण देश बदलताना जुन्या संघटनेचं पत्र आणि फिफाचा होकार, दोन्ही आवश्यक होते.

मग ओसीआयवाल्यांना का खेळू देत नाही?

हमझासाठी सोपं होतं, कारण बांगलादेश ब्रिटनबरोबर दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो. त्याला काहीच सोडावं लागलं नाही. भारताच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारा आजन्म व्हिसा. त्यावर इथे राहता येतं, नोकरी करता येते, फ्लॅट घेता येतो. मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ओसीआयधारक निफाडला बंगला बांधेल, पण द्राक्षबाग विकत घेऊ शकणार नाही. देशाच्या संघाचंही तसंच: २००८ पासून केंद्र सरकारचं धोरण आहे की भारतीय पासपोर्ट असलेल्यालाच भारताकडून खेळता येईल.

भारतीय वंशाच्या खेळाडूला नागरिकत्वाची वाट कायद्यात आहे. ओसीआय म्हणून नोंदून पाच वर्षं झाली असतील आणि अर्जाआधीचे बारा महिने तो भारतात राहिला असेल तर अर्ज करता येतो. वंशाचा काहीच धागा नसेल तर साधारण बारा वर्षांचं वास्तव्य लागतं. तेवढ्यात कारकीर्द सरते.

जपानमध्ये जन्मलेला, गुजराती वडिलांचा मुलगा इझुमी अराता वंशाच्या धाग्याने भारतीय झाला. पुणे एफसीत खेळताना त्याने जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. सोडलं हा शब्द लिहायला सोपा आहे. जपानी किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर युरोपात थोड्या दिवसांसाठी व्हिसाशिवाय जाता येतं, भारतीय पासपोर्टवर जाता येत नाही. आईवडील जिथे राहतात, त्या देशात जायलाही व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं. खेळ संपल्यावरची तीस-चाळीस वर्षं असंच जगायचं. तेही अशा संघासाठी, जो २०२५ संपताना क्रमवारीत १४० च्या पलीकडे होता.

"भाड्याचे खेळाडू आणून काय मिरवायचं?"

हा आक्षेप मला पटत नाही. भाड्याने आलेला माणूस घरची चावी फेकून देऊन येत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: परदेशी खेळाडू आपल्या पोरांची जागा खातात. काही अंशी खरं आहे. आयएसएलच्या बऱ्याच क्लबांनी गोल करणारा पुढचा माणूस परदेशी ठेवला. परिणाम असा, की २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, भारताने परत बोलावलं, कारण त्याच्या जागी गोल करणारा दुसरा तयारच झाला नव्हता. पण सरावात रोज चांगल्या परदेशी स्ट्रायकरला अडवणारे आपले बचावपटू सुधारले, हेही तितकंच खरं. मैदानावर किती परदेशी एकाच वेळी चालतील याची मर्यादा असतेच. ती मर्यादा जागेनुसार विचार करून लावली, तर दोन्ही साधेल असं मला वाटतं.

नाशिकच्या आईवडिलांसाठी

महात्मानगर किंवा गोल्फ क्लबच्या मैदानावर धावणाऱ्या मुलाला कुणी "युरोपात ट्रायल देतो, अमुक लाख भरा" म्हणालं, तर आधी मुलाचं वय बघा. १८ च्या आत असेल तर वरच्या अपवादांपैकी कोणता लागू होतो ते विचारा. उत्तर आलं नाही तर विषय संपला. एजंटकडे फिफाचा परवाना असावा लागतो आणि ती नावं फिफाच्या संकेतस्थळावर तपासता येतात. अल्पवयीन खेळाडूंसाठी एजंटला वेगळी मान्यताही लागते. पर्यटक व्हिसावर नेणारा, मूळ पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेणारा, करार न समजणाऱ्या भाषेत देणारा माणूस दिसला तर तिथूनच परत फिरा.

दुसरं काम नोंदणीचं आहे. मुलाची महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत क्लबमार्फत रीतसर नोंदणी करून घ्या. त्यातूनच पुढे त्याचा 'खेळाडू पासपोर्ट' बनतो. तो म्हणजे साधा तक्ता असतो: हंगाम, क्लब, नोंदणीची तारीख, सोडल्याची तारीख. करार चालू असताना परदेशी क्लबाने पैसे मोजून खेळाडूला घेतलं, तर रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वर्षांच्या वाढदिवसांच्या हंगामांत शिकवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. पहिल्या चार हंगामांना प्रत्येकी पाव टक्का, नंतरच्या आठांना प्रत्येकी अर्धा. १ कोटीचा व्यवहार झाला आणि मुलगा पहिले चार हंगाम नाशिकच्याच क्लबात होता, तर त्या क्लबाचे १ लाख रुपये होतात. त्यात नेट येतील, बॉल येतील, एका प्रशिक्षकाचे काही महिन्यांचे मानधन निघेल. तक्त्यात नोंद नसेल तर पाच पैसेही मिळत नाहीत.

आणि नाव. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे. जन्मतारखेचंही तेच, शाळेत घातलेली १ जून आणि महापालिकेच्या दाखल्यावरची खरी तारीख यांचा मेळ नसतो. फिफाच्या १७ वर्षांखालील स्पर्धांत मनगटाचं एमआरआय काढून वय तपासलं जातं, त्यामुळे खोटी तारीख तिथे उघडी पडते आणि खरी तारीखही कागद जुळले नाहीत तर संशयात सापडते. आधी जन्मदाखला नीट करून घ्या. मग आधार, मग शाळेचा दाखला, मग पासपोर्ट, आणि क्लबची नोंदणी पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणेच.